सात मजल्यांचं शब्दकोडं

पेशंटची ट्रॉली जाते त्या मोठ्या लिफ्टमध्ये एक गोल स्टूल होतं आणि त्या स्टुलावर मामा बसायचे. बुटके, टक्कल पडलेले, खाकी शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा एक तुकडा आणि कानावर दुसरा. डाव्या हाताशी बटणं, उजव्या गुडघ्यावर चौघडी केलेला पेपर. पेपरात बाकी काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शब्दकोडं वर येईल अशी घडी घातली की उरलेलं जग आत दुमडलं जायचं. हॉस्पिटलात सिस्टरपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना 'उभेआडवे मामा' म्हणत.

"लिफ्ट नुसती उभी चालते," ते म्हणायचे. "आडवं आपल्यालाच बघावं लागतं."

मी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहिणार आहे ते वाचताना हेही लक्षात असायला हवं.

माझी लेक सतरा वर्षांची. तिच्या पाठीचा कणा दोन वर्षांत एका बाजूला वाकत गेला होता आणि तो सरळ करायचं ऑपरेशन सातव्या मजल्यावर व्हायचं होतं. सहा तास लागतील, असं डॉक्टर म्हणाले. पायांच्या नसांना धक्का लागण्याची शक्यता शंभरात एक, असंही म्हणाले. शंभरात एक म्हणजे फार कमी, एवढं मला कळत होतं. पण शंभर मुली ओळीने उभ्या केल्या तर त्यातली ती एक मला माझीच दिसत होती.

सकाळी आठला ट्रॉली आत गेली, दार बंद झालं आणि मी खाली निघाले. लिफ्टमध्ये या माणसाने पेपरातून मान वर करून मला विचारलं, "ताई, रात्र. चार अक्षरी. शेवटी री."

मला एवढंच आठवत होतं. माझ्या मुलीच्या पाठीवर सुरी चाललीय आणि हा मला कोडी घालतोय. लेक आत असतानाच, चौकशीच्या खिडकीवर कागद मागून, मी अर्धं पान लिहून काढलं. मराठी चांगली असल्याचा मला कॉलेजपासून अभिमान, त्यामुळे वाक्यही झोकात उतरलं: 'जिथे लोक आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगाला सामोरे जात असतात, तिथे कर्मचाऱ्याने कोडी सोडवणे आणि नातेवाइकांना त्यात ओढणे हा केवळ हलगर्जीपणा नसून औचित्यभंग आहे.' सही केली, घडी घातली, तक्रारपेटीत टाकलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पायांची बोटं हलतायत. त्या क्षणी मी तक्रार विसरले. कागद मात्र पेटीत होता.

लेकीला सहाव्या मजल्यावर आणलं. पाच दिवसांत घरी जायचं ठरलं होतं, पण जखम चिघळून ताप भरला आणि मुक्काम वाढत गेला. तिचे बाबा कामामुळे दूरच्या गावी, ते फक्त रविवारी यायचे. औषधं खाली, रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्यावर, कॅन्टीन तळमजल्यावर. दिवसातून दहा वेळा मी त्याच लिफ्टमध्ये. पहिले दोन दिवस मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. पण त्या लिफ्टला सहावा गाठायला बराच वेळ लागायचा आणि कान काही बंद करता येत नाहीत.

हळूहळू मला कळलं की या माणसाची कोडं सोडवायची एक रीत आहे. स्वतःला आलेला एकही शब्द ते स्वतः भरत नसत. प्रत्येक शब्द लिफ्टमध्ये चढलेल्या माणसाकडूनच यायला हवा. शब्द मिळाला की तो चौकटीत लिहायचा आणि समासात, सूत्राशेजारी, ते माणूस कुठून चढलं त्या मजल्याचा आकडा.

"तुम्हाला येतात ना पण?" मी एकदा न राहवून विचारलं. त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"येतात की. सव्वीस वर्षं झाली. पण मीच सगळे भरले तर दिवसभर या पेटीत करू काय? भिंतींशी बोलू?"

कुणाला काय विचारायचं हेही ठरलेलं. लहान मुलांना प्राणी. कॅन्टीनच्या बाईंना दोन अक्षरी शब्द, कारण त्या पहिल्या मजल्यालाच उतरायच्या. "डॉक्टरला अवयव कधी विचारू नये," ते म्हणाले. "हृदय विचारलं तर चार कप्पे सांगत बसतात, मजला निघून जातो." आणि सातव्यावरून खाली येणाऱ्याला काहीच विचारायचं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी बघितलं. सातव्याला दार उघडलं की पेपर पोटाशी जायचा आणि पेन्सिल खिशात. ते बघून माझ्या मनात आलं, मग मलाच बरं विचारलं होतं. म्हणजे माझ्यानंतर शिकले असतील. तक्रारीचा उपयोग झाला, असंसुद्धा मला क्षणभर वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आवाज. दोन अक्षरी."

"नाद," मी लगेच म्हणाले.

"दुसरं अक्षर व आहे."

मी विचार करत राहिले. भाषा घेऊन पदवी मिळवलेली मी, आणि मला काही केल्या सुचेना. कोपऱ्यात बादली आणि पोछा घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी मानही वर न करता सांगितलं, "रव."

मामांनी लिहिलं, शेजारी मावशींच्या मजल्याचा चार टाकला.

"रव कोण म्हणतं हो आता?" मी म्हणाले. माझा आवाज जरा चिडका आला असावा.

"कोणीच नाही. पण कोड्यात म्हणतात." मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. "कोड्यातली माणसं वेगळ्या गावची आहेत, ताई. त्यांच्याकडे झाड नसतं, तरू असतो. पक्षी उडत नाही, खग उडतो. दुश्मन म्हणजे अरी. घरं दोन असली तर हत्तीचा गज होतो, तीन असली तर कुंजर. जागा बघून नाव घेतात. हे एकदा कळलं ना, की अर्धं कोडं सुटलं. उत्तर काय आहे ते नंतर. आधी ते लोक बोलतात कसं, ते बघायचं."

"आणि कमळ?" मावशी म्हणाल्या. "ते सांगा की यांना."

"कमळाचं नाव काढू नका. एक फूल, आणि नावं बघा. पंकज, नीरज, सरोज, अंबुज, राजीव. सगळी तीन अक्षरी. उभा शब्द हातात येईपर्यंत कमळाला शिवायचं नाही."

"पण हे असले शब्द ठेवायचेच कशाला?"

"मोठ्या शब्दांच्या मधल्या फटी कुणी बुजवायच्या? कोडं करणाऱ्याला दोन घरं उरली की तो खगाला हाक मारतो. खग बिचारा येतो. म्हणून टिकलाय."

"म्हणजे तुमच्यासारखाच," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून उतरल्या.

मी हे वर जाऊन लेकीला सांगितलं. तिला कुशीवर वळायलाही दोन माणसं लागत होती, छताकडे बघून कंटाळली होती. ती हसली, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून माझ्यावरच रागावली. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी वर आले की आधी विचारायची, "आज काय अडलंय?" मी सूत्र घेऊन वर जायचे आणि शब्द घेऊन खाली यायचे. 'पर्वत, दोन अक्षरी, पहिलं न' याला तिने अख्खी दुपार लावली आणि शेवटी नग काढला. मामांनी समासात सहा लिहिला आणि पुढे बेडचा नंबरही.

नवव्या दिवशी मामा लिफ्टमध्ये नुसते बसले होते. गुडघ्यावर पेपर होता, पण कोडं कोरं.

"ताई, एक शब्द ऐका," ते म्हणाले. "औचित्यभंग."

माझ्या हातात लेकीच्या रिपोर्टचं पाकीट होतं. ते मी छातीशी धरलं.

"पाच घरं. सव्वीस वर्षांत एकदाही आला नाही कोड्यात. माझ्याविरुद्ध तक्रार आलीय, त्यात आहे. क्लार्कने वाचून दाखवली. मी म्हटलं, परत वाच. त्याला वाटलं मला धक्का बसला. मी घरं मोजत होतो." ते हसले, पण हसू पुरतं झालं नाही. "शुक्रवारी चौकशी आहे. खरं निघालं तर तळघरात, लाँड्रीला. गठ्ठाही नेलाय माझा, जुन्या कोड्यांचा. पुरावा म्हणून."

"लाँड्रीत काम हलकं असेल," मी म्हणाले. असं मी का म्हणाले, देव जाणे.

"हलकंच आहे. तिथे नुसत्या चादरी. चादरीला काय विचारणार?"

मी सहाव्याला न जाता थेट पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. क्लार्कने रजिस्टर काढलं. तक्रार मागे घेता येत नाही म्हणाला, तिला आवक नंबर पडलाय. "तुम्हालाही शुक्रवारी बोलावलंय. पत्र निघालंय, मिळेल."

फोनवर लेकीचे बाबा म्हणाले, "तू कशाला त्या भानगडीत पडतेस? पोरगी अजून त्यांच्या ताब्यात आहे. तब्येत बरी नाही म्हणून कळव आणि गप्प बस." माझ्या मनात हेच होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं एवढंच. मी शुक्रवारी ऑफिसरसमोर काहीतरी उलटसुलट बोलले आणि राग लेकीवर निघाला तर? सिस्टरने इंजेक्शन द्यायला उशीर केला तर? सगळ्या वाईट शक्यता माझ्याकडे तयारच असतात, फक्त निमित्त लागतं.

गुरुवारी मी दिवसभर जिन्याने चढले-उतरले. संध्याकाळी लेकीने विचारलं, "आई, लिफ्ट बंद आहे का?"

मग मी तिला सगळं सांगितलं.

"तू त्यांना शब्द नेऊन देत होतीस आणि तक्रार पण तूच केलीस?"

"ती आधीची होती गं."

"मग जाऊन सांग ना."

"काय सांगू?"

"की घाबरली होतीस. तू घाबरलीस की लिहितेस. माझ्या शाळेलासुद्धा किती पत्रं लिहिलीस."

शुक्रवारी अकराला मी ऑफिसात गेले. टेबलामागे ऑफिसर, शेजारी सहाव्या मजल्याच्या मोठ्या सिस्टर, कोपऱ्यात क्लार्क. मामा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी बसले होते, कानावर पेन्सिल नव्हती. मला बघून ते उठले.

"ताई, इकडे कुठे? औषधांचं खाली."

"तक्रारदार ना? बसा," ऑफिसर मला म्हणाले आणि समोरची खुर्ची दाखवली.

मी बसले. मामाही बसले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत राहिले.

ऑफिसरांनी माझं अर्धं पान मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून ते फारच चांगलं मराठी वाटलं आणि मला त्याची लाज वाटली. "हे खरं आहे की नाही, एवढंच सांगा," ते म्हणाले.

मी खोटं बोलायची तयारी करून गेले होते. असं काही झालं नाही, माझी समजूत चुकली, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण मामा तिथेच बसलेले. "खरं आहे," मी म्हणाले. "विचारलं त्यांनी. पण मी घाबरलेली होते, आणि..."

"विचारलंत?" ऑफिसरांनी मामांना विचारलं.

"विचारलं, साहेब."

"काहीतरी गोंधळ आहे," सिस्टर म्हणाल्या. "सातव्यावरून येणाऱ्याला मामा तोंड उघडून काही विचारत नाहीत. मी बारा वर्षं बघतेय. नवीन मुलींना मी तेच उदाहरण देते."

"मग यांनाच का?"

ऑफिसरांनी क्लार्ककडून पेपरांचा गठ्ठा घेतला, तारीख बघून एक ओढून काढला आणि चष्मा वर केला. "हे आकडे कसले?"

सिस्टरांनी मजल्यांचं सांगितलं.

"बरं. आणि हे? विभावरी. शेजारी सात, आणि पुढे तीन रेघा. बाकी कुठेच रेघा नाहीत."

"फेऱ्या आहेत," मामा म्हणाले.

"कसल्या फेऱ्या?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगू का, ताई?"

मला कळलंच नव्हतं ते काय सांगणार आहेत. मी मान हलवली.

"ताई सातव्याला चढल्या. तळमजला आला, दार उघडलं, उतरल्या नाहीत. मला वाटलं, काही विसरलं असेल वर. परत वर गेलो. सातव्याला दार उघडलं, तिथेही उतरल्या नाहीत. अशा तीन फेऱ्या झाल्या, साहेब. लोक चढत होते, उतरत होते, त्यांना सरकून वाट देत होत्या. पण डोळे कुठेच नव्हते. बसा म्हटलं, ऐकू गेलं नाही. पाणी आणू का विचारलं, तेही नाही. परक्या बाईचा हात कसा धरणार? मग शब्द विचारला."

"आणि?"

"विभावरी म्हणाल्या. अगदी स्वच्छ. मग वरच्या आकड्याकडे बघितलं आणि उतरल्या. रागावून उतरल्या, पण उतरल्या."

क्लार्कचं पेन थांबलं होतं. मला त्या तीन फेऱ्यांमधलं काहीही आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. मी सरळ खाली आले असं मी शपथेवर सांगितलं असतं. लेकीचं पहिलं पाऊल, तिच्या तापाचे आकडे, कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेला काय सांगितलं, सगळं मला पाठ असतं. आणि त्या सकाळचा एवढा मोठा तुकडा माझ्याकडे नव्हताच. तो त्यांच्या समासात तीन रेघा होऊन पडला होता.

"बाई, तुम्हाला हे आठवतंय?" ऑफिसरांनी विचारलं.

"नाही. पण ते खरं आहे."

"आठवत नाही, मग खरं कशावरून?"

"दार आठला बंद झालं. मी खालच्या बाकावर बसले तेव्हा समोरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. सहा तास मी तिथून मोजले, म्हणून लक्षात आहे. सात मजले उतरायला पंचवीस मिनिटं लागत नाहीत. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

ऑफिसरांनी पेपर खाली ठेवला. "आता यावर शेरा काय मारू?"

"तक्रारदाराचे समाधान झाले, असा एक रकाना आहे, सर," क्लार्क म्हणाला.

"झालंय का समाधान?"

"झालंय," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, सही केली. मग ऑफिसर असल्यासारखं काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, "पण ट्रॉली आत असताना पेपर हातात नको."

"तेव्हा पेन्सिलही कानावर नसते, साहेब."

"वाचले लाँड्रीवाले," सिस्टर म्हणाल्या आणि गठ्ठा उचलून मामांच्या हातात दिला.

बाहेर लिफ्टपाशी बदलीचा माणूस उभा होता. मामांनी त्याला सोडलं, स्टूल हाताने पुसलं, गठ्ठा खाली सरकवला आणि बसले. आत आम्ही दोघंच. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

"काल दिवसभर जिन्याने होतात," तेच म्हणाले. "या वयात सहा मजले. गुडघे नकोत का तुम्हाला?"

"मामा, माझं फार चुकलं."

"चुकलं."

"रागावलात?"

"तुम्ही त्या खुर्चीत बसलात तेव्हा रागावलो. आठवडाभर शब्द देताय, आणि हे. मग खरं आहे म्हणालात. मला वाटलं होतं, नाही म्हणून मोकळ्या व्हाल." त्यांनी दार लावलं. "नाही म्हटलं असतंत तर मी सुटलो असतो, पण खोट्याच्या आधारावर सुटलो असतो."

लिफ्ट निघाली.

"शब्दच का विचारलात हो?" मी विचारलं.

"दुसरं काय आहे माझ्याकडे? आणि पाणी देऊ का, बसता का, याला माणूस नको म्हणतं. नाहीतर ऐकतच नाही. शब्दाला नको म्हणेपर्यंत डोकं शोधायला लागलेलं असतं. शोधायला लागलं की माणूस जागेवर येतं. ही काही डॉक्टरी नाही, म्हणून साहेबांपुढे बोललो नाही. पण बघितलंय मी."

तिसरा गेला, चौथा गेला. मला तो पेपर हवा होता. लेकीला दाखवायचा होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःजवळ ठेवायचा होता. मी विचारलं.

"नाही मिळणार," मामा म्हणाले. "गठ्ठा तारखेने लावलाय. एक काढला की मागचं पुढचं लागत नाही."

"एकच दिवस. परत आणून देते."

"एकही नाही."

सहावा आला. त्यांनी दार उघडलं. वॉर्डाच्या टोकाशी लेक वॉकर धरून उभी होती, दोन्ही बाजूंना सिस्टर, आणि ती माझ्याकडेच बघत होती, काय झालं म्हणून. मी घाईने बाहेर पाऊल टाकलं.

"ताई," मामा मागून म्हणाले. कानावर पेन्सिल परत गेली होती. "पोरीला घेऊन या बघायला. मी कुठे जातोय."